बेचाळीस प्रेक्षक आणि एक कप

माझ्या मुलीच्या क्लबचं स्टेडियम ज्या दिवशी पहिल्यांदा भरल्यासारखं दिसलं, त्याच दिवशी क्लब बुडायची वेळ आली. दोन्हीला मीच कारणीभूत होतो.

मी इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात मोटारींच्या सुट्या भागांचा खर्च कमी करायचं काम करतो. (दाराच्या आतला एक स्क्रू मी कायमचा वाचवलाय. ते दार पुढे खडखडायला लागलं, पण तो विषय वेगळा.) आमची सायली मात्र इथेच जन्मलेली, खर्च करण्यात तरबेज. ती एका छोट्या लीगच्या सॉकर क्लबमध्ये तिकिटांचे दर ठरवायच्या कामाला लागली.

एका संध्याकाळी ती जेवताना नुसताच भात चिवडत होती. वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली.

"आई, स्टेडियम आमचं नाही ना. कॉलेजचं आहे, रेंट करतो. दहा लोक आले तरी तेवढंच रेंट! तिकीट बावीस डॉलर, सो नोबडी कम्स. मी बॉसला म्हटलं, तिकीट पाच करू. लोक पार्किंग करतील, खातील, पितील. दॅट्स व्हेअर द मनी इज."

"मग? काय म्हणाला?"

"शनिवारची एक मॅच दिलीय ट्राय करायला. नाही चाललं तर परत बावीस. आणि मी बहुतेक नवीन जॉब शोधणार."

माझं बापाचं काळीज हललं. पण खरं सांगतो, त्या सगळ्यातून माझ्या कानात 'पाच डॉलर' एवढंच राहिलं!

जेवण होताच मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'आपल्या सायलीच्या नोकरीचा प्रश्न आहे. शनिवारी सगळ्यांनी मॅचला यायचं. तिकीट फक्त पाच!' एका मिनिटात पाटणकरकाकूंचं उत्तर आलं.

'पार्किंग किती?'

'पंधरा.'

'तिकीट पाच आणि पार्किंग पंधरा? मग गाडीलाच आत बसवते, मी बाहेर थांबते!'

ग्रुप थंड पडला. लोक गळायला लागले. लेकीचा शनिवार वाया जाऊ नये म्हणून मी माझी आयुष्यभराची विद्या पणाला लावली. माझ्या ऑफिसचं पार्किंग शनिवारी रिकामं असतं. तिथून स्टेडियम चालत फक्त पंचवीस मिनिटं. येताना घरून जेवून या. बेचाळीस जण तयार झाले!

शनिवारी दुपारी आम्ही बेचाळीस मराठी माणसं फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने रांगेत निघालो. ट्रॉयमध्ये रस्त्यावर पायी माणूस दिसला की त्याच्यावर काहीतरी संकट आलंय असं समजतात. एका भल्या गृहस्थाने गाडी थांबवून विचारलं, "तुमची बस बंद पडली का?"

गेटवर पाटी होती. बॅग पारदर्शकच हवी, आणि बाहेरचे खाद्यपदार्थ चालणार नाहीत. पाटणकरकाकूंनी फक्त पहिली ओळ वाचली आणि प्लास्टिकच्या पिशवीतला चिवडा गार्डच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?" गार्ड.

"पारदर्शक!" काकू.

"पण हे खाणं आहे, मॅम."

काकू क्षणभरही अडखळल्या नाहीत. "डायबिटीस आहे मला. दर तासाला खावं लागतं. मेडिकल!"

गार्ड घाबरून बाजूला झाला. काकूंच्या मागचे दामले पुढे आले. चकल्या. "डायबिटीस." त्यांच्या मागे बाकरवडी. "डायबिटीस." एकामागून एक सोळा डायबिटिक आत गेले! (सतरावा मी. माझ्याकडे बेसनाचे लाडू होते. डायबिटीस म्हणताना माझी जीभ जरा अडखळली.)

आत सायली धावत आली. "बाबा! ओ माय गॉड, एवढे लोक!" तिने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. मी लाडवांची पिशवी पाठीमागे लपवली.

मॅच सुरू झाली. नियम आम्हाला माहीत नव्हते, त्यामुळे आम्ही दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवल्या. ऊन चढलं तशी तहान लागली. पाण्याची बाटली पाच डॉलर! मग वंदनाला बोर्ड दिसला. सहा डॉलरचा कप, दिवसभर रिफिल फुकट.

"अहो, एकच घ्या," ती म्हणाली.

तो कप पहिल्या सीटवरून बेचाळिसाव्या सीटपर्यंत गेला आणि रिकामा होऊन परत आला. मी भरून आणला. परत गेला. दुसऱ्या हाफपर्यंत मी त्या मशीनकडे एकोणीस फेऱ्या मारल्या. मैदानावरचे खेळाडूसुद्धा माझ्याइतके धावले नसतील!

विसाव्या फेरीला मशीन कोरडं पडलं. मागे वळलो, तर खाण्याच्या काउंटरपाशी सायली उभी होती. काउंटरवर हॉटडॉग थंड होत होते. शेजारी तिचा बॉस भरलेल्या स्टँडकडे, मग रिकाम्या गल्ल्याकडे बघत होता.

"लोक इतके, आणि विक्री एक कप?" तो म्हणाला. "कोण आहेत ही माणसं?"

सायलीने माझ्या हातातला कप पाहिला. मग माझ्या मिशीला लागलेलं बेसन.

"दॅट्स माय डॅड," ती म्हणाली.

मला इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. तिची नोकरी वाचवायला निघालो होतो आणि तिथलाही स्क्रू काढून आलो होतो.

ती रात्रभर घरी लॅपटॉपवर बसली. मी दाराशी दोनदा जाऊन परत आलो. सोमवारी तिने बॉसपुढे नवा प्लॅन ठेवला. तिकीट चौदा डॉलर. पार्किंग आणि खाण्याचं कूपन त्यातच. वापरा नाहीतर सोडा, पैसे भरलेलेच! बॉस खूश झाला, सायलीची नोकरी पक्की झाली. तिच्या ऑफिसात या योजनेला 'डॅड प्लॅन' म्हणतात.

पुढच्या मॅचला मी निमूट चौदा डॉलर भरले. कूपन वाया जाऊ नये म्हणून भूक नसताना दोन प्लेट फ्राइज संपवल्या. शेजारचा अमेरिकन तिकिटामागची बारीक अक्षरं वाचत वैतागला होता.

"एक कप एकाच माणसाला! चिवडा हे औषध नाही! चिवडा म्हणजे काय, आणि कुठल्या चिक्कू माणसामुळे हे नियम करावे लागले?"

"काय माहीत बुवा! असतात अशी माणसं," मी म्हणालो, आणि वंदनाकडे सरकवलेला माझा कप हळूच परत माझ्याकडे ओढला.