सुगंधा सिस्टरांचे शॉकअप

आरटीओच्या इन्स्पेक्टरने मोटारसायकलचा पुढचा ब्रेक धरून हँडल तीनदा खाली दाबलं. तिसऱ्या वेळी ठक्क असा आवाज आला आणि पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांवरून तेलाचे ओघळ उतरले. त्याने एका ओघळावरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट सुगंधा राणेच्या समोर धरलं.

"मॅडम, शॉकअप गळतायत. असं पासिंग होणार नाही. पुढच्या शुक्रवारी नीट करून आणा."

"आणि नाही झालं तर?"

"शनिवारी मुदत संपते. मग गाडी रस्त्यावर काढायची नाही."

सुगंधाने मान हलवली, हेल्मेट चढवलं आणि ठकठक करत मुलुंडला घरी आली.

गाडी १९९४ सालची, शंभर सीसीची, काळी. सुगंधा तेव्हा तीस वर्षांची होती आणि महापालिकेच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. रात्रपाळीच्या वेळी रिक्षावाल्यांची मनधरणी करून कंटाळली आणि तिने सरळ मोटारसायकल घेतली. म्हाडा कॉलनीतल्या बायका तिला जाताना बघायला गॅलरीत उभ्या राहायच्या. आता निवृत्तीला दोन वर्षं झाली होती, पण गाडीला विश्रांती नव्हती. मुलुंड-भांडुपमधल्या अंथरुणाला खिळलेल्या अकरा माणसांचं ड्रेसिंग करायला ती रोज सकाळी निघे. कुणाच्या पाठीला जखम, कुणाचा मधुमेहाचा पाय. गाडी बंद म्हणजे ही फेरी बंद.

"बिनगिअरची स्कूटर घे ना," नवरा नंदकुमार म्हणाला.

"तिला गुडघ्यात धरायला काही नसतं हो. खुर्चीत बसून रस्त्यावर गेल्यासारखं वाटतं."

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या सुशांतने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हात वर केले. "मावशी, कंपनीने हे मॉडेल बंद करून वीस वर्षं झाली. माझ्याकडे तेल अडवणाऱ्या रबरी सीलचा शेवटचा सेट पडलाय, तो घेऊन जा. पण मी हात लावणार नाही. खोलताना काही तुटलं तर तुम्ही मला सोडणार नाही. भंगारात द्या, यार!"

"पोटं उघडून परत शिवलेली बघितलीत मी. याच्यात काय आहे? दोन नळ्या आणि दोन स्प्रिंगा."

"मग करा घरी," सुशांत हसला.

"करते," सुगंधा म्हणाली. तोवर तिने तसं काहीच ठरवलेलं नव्हतं.

रविवारी तळमजल्यावरचे धोंडूकाका मदतीला आले. वय अठ्ठ्याहत्तर, लालबागच्या गिरणीत तीस वर्षं फिटर. इंजिनाखाली विटा रचून त्यांनी पुढचं चाक काढलं, वरचे बोल्ट ढिले केले आणि दोन्ही शॉकअप ओढून काढले. दोन तास लागले. मग सुगंधा ते बाळंतिणीला आणावं तसं सांभाळून दुसऱ्या मजल्यावर घेऊन आली. ड्रेसिंगची फेरी त्या आठवड्यापुरती रिक्षाने करायची, असं तिने ठरवलं.

हॉलमध्ये पांढरी चादर अंथरली होती. डावा शॉकअप चादरीच्या डाव्या अंगाला, उजवा उजव्या. जो भाग आधी निघाला तो वरच्या टोकाला, शेवटी निघाला तो खालच्या. प्रत्येक भाग वहीत: डावा चौदा, उजवा चौदा, एकूण अठ्ठावीस. थिएटरात पोट उघडण्याआधी आणि मिटण्याआधी कापसाचे बोळे आणि हत्यारं मोजायची असतात. बत्तीस वर्षं मोजून तिचे डोळे आपोआपच मोजत. सुशांतच्या नव्या सीलवर बारीक आकडे होते, तेही तिने भिंग धरून उतरवले. २७-३९-१०.

आतल्या नळ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर गडगडवून बघितल्या. कुठेही अडखळल्या नाहीत. म्हणजे नळ्या सरळ होत्या. सुगंधा इतकी खूश झाली की तिने नंदकुमारला दुसरा चहा न मागता दिला.

आणि सोमवारी तिने घोळ केला.

सगळे भाग रॉकेलने धुऊन झाले, तरी तिला ते स्वच्छ वाटेनात. हाताला सवय निर्जंतुक करण्याची. तिने कुकर काढला, तळाशी पाणी घातलं आणि जुने वॉशर, सर्क्लिपा म्हणजे सील अडकवायच्या लोखंडी कड्या, नि ते नवेकोरे रबरी सील एकत्र आत ठेवून शिट्टी लावली. वीस मिनिटं, थिएटरच्या नियमाप्रमाणे. तेवढ्यात भांडुपच्या एका पेशंटच्या सुनेचा फोन आला. बोलणं लांबलं. पाणी आटलं.

"अगं, आज भाजीला हा वास कसला?" नंदकुमारने बाहेरून विचारलं.

सुगंधाने झाकण उघडलं. लोखंड ठणठणीत होतं. पण सील कुकरच्या तळाला चिकटून बसले होते आणि त्यांच्या कडा वितळून वाकड्या झाल्या होत्या.

नंदकुमार आत डोकावला. त्याने कुकरच्या तळाशी वाकून बघितलं. मग म्हणाला, "सिस्टर, पेशंट दगावला का?"

"जा हो तुम्ही बाहेर!"

"जातो. पण मला सांग, याला सात शिट्ट्या पुरल्या असत्या ना?"

सुगंधा तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. शेवटचा सेट होता तो. हसू येण्यासारखं काही नव्हतं. शुक्रवार चार दिवसांवर होता. तिने सुशांतला फोन केला. तो आधी खो-खो हसला आणि मग खरंच हळहळला, ते तिला जास्त लागलं. पाच दुकानांत विचारून झालं. प्रत्येक जण गाडीचं नाव ऐकायचा आणि "नाही" म्हणायचा.

संध्याकाळी धोंडूकाका वर आले. कुकराकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"गो बाय, ह्या काय सुईण-दायांचा काम न्हय!" मग खुर्चीत बसत म्हणाले, "दुकानात काय सांगलंस?"

"गाडीचं नाव सांगितलं, मॉडेल सांगितलं."

"नाव कित्याक? आमच्या मिलात मशीनचा नाव कोण इचारी? इंग्लंडातली मशिना, बनवणारे कधीच मेले. तरी सामान बाजारात गावा. मापार गावता. माप सांग, माप!"

सुगंधाने वही उघडली. २७-३९-१०. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आकडे तिने सवयीने उतरवले होते, कशाला ते तिलाही माहीत नव्हतं.

मंगळवारी ती घाटकोपरला गेली, धोंडूकाकांनी सांगितलेल्या दुकानात. तिथे मोटारसायकलचं काहीच मिळत नव्हतं. पाण्याचे पंप, छापखान्यांची यंत्रं, त्यांचे सील आणि बेअरिंगं. काउंटरवरच्या शीतलबाई तिने सांगितलेला आकडा ऐकून लगेच मागे वळल्या आणि त्यांनी एका खोक्यातून चार सील काढून ठेवले.

"कुठल्या पंपाला?"

"पंपाला नाही, मोटारसायकलला."

"बसणार. रबराला काय माहीत कुठे बसलंय?"

सुगंधाने चारही घेतले, दोन लावायला आणि दोन राखीव. कुकरचं काही सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी जोडणी झाली. नवे सील तेल लावून, पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने हळूहळू ठोकत बसवले. तेल मोजायला पन्नास मिलीची सिरिंज. प्रत्येक नळीत तीन वेळा भरून, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. डावा शॉकअप तिने बंद केला. उजव्यात तेल भरण्याआधी तळाचा बोल्ट लावायच्या वेळी पुन्हा पेशंटचा फोन आला होता, तेव्हा धोंडूकाकांनी तो आवळून टाकला होता. पाचच्या सुमारास दोघं समाधानाने मागे सरकले.

सुगंधाने सवयीप्रमाणे चादरीवर नजर टाकली. जुने सील बाजूला पडलेले असणार, ते ठीक. पण उजव्या अंगाला, चादरीच्या चुण्यांत, एक तांब्याचं चपटं वॉशर होतं.

"सत्तावीस," ती म्हणाली.

"एक उरला तर उरला," धोंडूकाका म्हणाले. "कायतरी उरताच. माका विचार. तीस वर्सां."

"अगं, पाच वाजलेत. चाक चढवायचंय, उद्या सकाळी पासिंग आहे," नंदकुमार म्हणाला. "त्या एवढ्याशा चकतीने काय होतंय?"

"मोजणी जुळल्याशिवाय पोट मिटत नाही, अहो."

"हे पोट नाहीये गं!"

"ही चकती उजव्या शॉकअपची आहे. काका, तुम्ही बोल्ट लावलात तेव्हा मी फोनवर होते. चूक माझी आहे, मी टेबल सोडून जायला नको होतं."

धोंडूकाकांनी चकती उचलली. उठून त्यांनी स्वतःच पाना हातात घेतला. पूर्ण तेल परत काढलं, बोल्ट खोलला, वॉशर घातलं, पुन्हा आवळला. सिरिंज पुन्हा तीन वेळा भरली. ती चकती नसती तर तळाच्या बोल्टमधून तेल थेंबथेंब गळलं असतं आणि सकाळपर्यंत चाकाखाली डबकं दिसलं असतं. सुगंधाने चादर झटकली. खाली काही पडलं नाही. तिने वहीत अठ्ठावीस लिहिलं, त्याखाली दोनदा रेघ ओढली आणि मगच शॉकअप खाली नेले. दिवेलागणीला चाक जागेवर होतं.

शुक्रवारी तोच इन्स्पेक्टर. ब्रेक धरला, हँडल दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. गाडी खाली गेली, तशीच शांतपणे वर आली. त्याने वाकून नळीवर बोट फिरवलं. बोट बघितलं. दुसरी नळी. तळाच्या बोल्टांखालीही बोट घातलं. पुन्हा बोट बघितलं. कोरडं.

"मॅडम, कुठल्या गॅरेजला केलंत?"

"घरी. हॉलमध्ये."

"कुणी?"

"मी. आणि आमचे धोंडूकाका."

त्याने तिच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग नळ्यांकडे. "माझ्या सासऱ्यांची एक जुनी गाडी आहे," सही करता करता तो म्हणाला, "तिचे सील कुठेच मिळत नाहीत."

"नाव सांगू नका," सुगंधा म्हणाली. "माप आणा."

पाच वर्षांचं पासिंग हातात घेऊन ती बाहेर आली, तेव्हा तिच्याबरोबर आलेला नंदकुमार समोरच्या दुकानातून एक भलंमोठं खोकं घेऊन येत होता. नवा कुकर, पाच लिटरचा.

"जुना आता तुझ्या गॅरेजला," तो म्हणाला. "यात फक्त भात."

तो खोकं मांडीवर धरून मागे बसला. कॉलनीच्या कोपऱ्यावर, सुशांतच्या गॅरेजसमोर, मोठा स्पीडब्रेकर आहे. सगळे तिथे गाडी थांबवल्यासारखी करतात. सुगंधाने केली नाही. पुढचं चाक चढलं, शॉकअप दबले, उठले, आणि गाडी पलीकडे उतरली ती जणू रस्ता सपाटच होता.

सुशांत हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. "मावशी! आवाजच नाही!"

"कुकरचं झाकणसुद्धा वाजलं नाही!" नंदकुमार मागून ओरडला.

सुगंधाने हॉर्न दिला, दोनदा. गुरुवारच्या गडबडीत भांडुपच्या आजोबांचं ड्रेसिंग राहिलं होतं. नंदकुमारला आणि त्याच्या कुकरला दारात उतरवून ती तशीच पुढे गेली.