देवाची फौजदारमाय

फौजदारमायचा कोणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, तराजूवर नाही, आम्हा मास्तरांवर तर नाहीच. पण तिचा खास डोळा होता देवळातल्या पुजाऱ्यावर. साखरखेर्ड्याच्या बाजारात वांगी-मेथी विकणारी ही विधवा म्हातारी काकडआरतीला यायची ती हात जोडायला नव्हे, तपासणीला. कृष्णाच्या अंघोळीच्या पाण्यातून वाफ निघते की नाही, हे ती उंबऱ्याबाहेरून मान लांब करून पाहायची. नैवेद्याचा पडदा जरा लवकर सरकला की तिने विचारलंच म्हणून समजा, "एवढ्यात जेवन झालं? लेकरू हाय का मशीन?" पुजारी करवादायचा आणि पडदा पुन्हा ओढायचा.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. कृष्णासाठी राजवाडा सोडून गात निघालेल्या संत कवयित्रीचं चित्र सभामंडपाच्या भिंतीवर काढायचं काम पंचांनी मला दिलं. पहिल्याच दिवशी फौजदारमायने माझा ब्रश उचलून नाकाशी धरला. केस कोणत्या जनावराचे, म्हणाली. मी खारीचे म्हणालो. तर खार आपोआप मेली की मारली, हा पुढचा प्रश्न. माझं डोकं फिरलं, पण सांगतो कोणाला!

चित्र झालं. हातात एकतारी, गालावर आसवं, डोळे मिटलेले. पंच खूश, मीही खूश. फौजदारमाय मात्र बराच वेळ समोर उभी राहिली.

"मास्तर, हे झोपली काऊन?"

मी समाधी, तल्लीनता असं बरंच समजावलं. ती ऐकून घेत होती, पण नजर अशी, की मी सडकी भाजी खपवू पाहतोय. मी चिडून रंग आवरले.

दिवाळीनंतर तिला खोकल्याने धरलं. काठी टेकत ती देवळात आली आणि मी खांबाला रंग देत होतो तिथे बसली. तिने आधी गाभाऱ्याकडे, मग भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. या वेळी आवाजात भांडण नव्हतं.

"मी मेल्यावर याच्याकडे कोन पाह्यन, मास्तर? हिचा भरोसा होता, तं हिचेबी डोये तुमी झाकले."

इतके दिवस मी तिला नुसती भांडकुदळ समजत होतो. जगभर संशय घेत फिरणारी ही बाई एकाच जिवासाठी झुरत होती.

मी चित्रातले मिटलेले डोळे खरवडून काढले. पंच रागावले, उघड्या डोळ्यांची कुठे भक्ती असते का म्हणाले. मी ऐकलं नाही. नवी नजर मी आभाळाकडे लावली नाही, बघणाऱ्याकडेही नाही. ती थेट गाभाऱ्यातल्या नैवेद्याच्या ताटावर लावली. फौजदारमायने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, नजर कुठे ढळते का याची खात्री केली. मग चित्राकडे बोट करत पुजाऱ्याला एवढंच म्हणाली, "आता हे हाय."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. पण मला ती आठवते ती चित्राचे डोळे उघडले त्याच्या दुसऱ्या दिवसाची. काकडआरतीला ती आलीच नाही. पुजारी घाबरून माझ्याकडे आला आणि आम्ही दोघे तिच्या घरी धावलो. दार सताड उघडं. तोंडावर ऊन आलेलं, आणि फौजदारमाय चक्क घोरत होती.

मी हाक मारणार, तेवढ्यात पुजाऱ्याने माझा हात धरला.

"निजू द्या तिले," तो हळूच म्हणाला. "मी सावकाश जेवू घालतो त्याले."