तीन पिंपांतलं मीठ

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत रघोजीचं घर आहे, पण तिथे जाल तर तो सापडायचा नाही. महिन्यातले वीस दिवस तो समुद्राकडे असतो, अदिरामपट्टिनमच्या बाजूला, कुणाच्या तरी घराचा पाया घालत. एकसष्ट वर्षांचा माणूस, अंगाने वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा, कानावर कायम पेन्सिल. घराण्यात गवंडीकाम कधीपासून, असं विचारलं तर म्हणतो, "राजे आले तेव्हा त्यांना राहायला भिंती लागल्या असतीलच की." यापुढचा इतिहास त्याला ठाऊक नाही. शाळा झाली ती तमिळ, नागरी अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे कुणी पोथी हातात देऊन वाचायला लावील ही भीतीही नाही.

समुद्राकाठच्या घराचा पाया वेगळा असतो. खाली वाळू, म्हणून सगळ्या घराखाली मिळून एकच जाड स्लॅब घालतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, एवढं मोठं धिरडं घातलं, झालं. पण खरं काम आतल्या लोखंडाला सांभाळायचं. लोखंडाला मीठ लागलं की ते गंजतं, गंजलं की फुगतं, आणि फुगलं की अंगावरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. हे लगेच होत नाही. गृहप्रवेशाचे फोटो पिवळे पडेपर्यंत सगळं ठीक असतं.

रघोजी हे पुस्तकात शिकला नाही. पंचविशीत तो एका कंत्राटदाराच्या हाताखाली होता. त्या माणसाने किनाऱ्यावरच्याच विहिरीचं पाणी काँक्रीटला वापरलं, आणि रघोजीने गप्प राहून ते ओतलं. नऊ वर्षांनी कसल्याशा कामाने तो त्या वाटेने गेला आणि सहज त्या घरी डोकावला. घरातल्या बाईने त्याला ओळखलं नाही, पण उन्हातून आला म्हणून कॉफी दिली. ती बसली होती त्या चटईच्या कडेने जमिनीची भेग बाहेर आली होती. बाईने चटई जरा सरकवून ती झाकली, पाहुण्यांसमोर फाटका पदर झाकावा तशी. मागल्या अंगाला स्लॅबचा कोपराच सुटला होता. तिथून रघोजीने हातभर सळई उपसून आणली. चिरोट्यासारखे तिचे पापुद्रे सुटत होते. ती सळई अजून त्याच्या हत्यारांच्या पिशवीत असते. कुणी घाई करायला लागलं की तो ती काढून समोर ठेवतो आणि काही बोलत नाही.

तेव्हापासून त्याच्या रीती ठरल्या. खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, जमिनीतली ओल वर यायला नको. सळयांच्या जाळीखाली सिमेंटचे ठोकळे ठेवायचे, म्हणजे चहूबाजूंनी चार बोटं काँक्रीट लोखंडावर राहतं. "चार म्हणजे माझी चार बोटं," तो पोरांना बजावतो, "तुमची नव्हेत." माल घट्ट हवा, इडलीच्या पिठासारखा. पाणी ओतून सैल केलेला माल पसरायला सोपा, पण वाळल्यावर त्याला बारीक भोकं पडतात आणि समुद्र त्यातूनच आत येतो. वाळू नदीची किंवा दगड दळून केलेली, धुतलेली. आणि मग चौदा दिवस ओली पोती.

पण रघोजीचं नाव झालं ते या कशाने नाही. नाव झालं त्याच्या जिभेने.

काँक्रीटला लागणाऱ्या पाण्याचं प्रत्येक पिंप तो स्वतः चाखायचा. बोट बुडवायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचा. मान हलली की मशीन सुरू. नाही हलली की टँकर परत. एकदा त्याने टँकरवाल्याला तो कुठल्या गावच्या विहिरीतून पाणी भरून आला ते सांगितलं होतं, आणि टँकरवाल्याने ते कबूल केलं होतं. गेली चार वर्षं तो जिच्या कामांवर असतो ती अखिला, तंजावूरचीच आपल्यातली पोर, शिकलेली इंजिनिअर. तिच्या पिशवीत पाणी तपासायचा छोटा मीटर असतो. तो तिने बाहेर काढला की रघोजी म्हणायचा, "तुझ्या मीटरला बॅटरी लागते गे. माझ्या जिभेला कॉफी पुरते."

ती जीभ गेल्या उन्हाळ्यात गेली.

दहा दिवस ताप आला, उतरला, आणि जाताना चव घेऊन गेला. गोड थोडं कळायचं, खारट अजिबात नाही. हे पहिल्यांदा कळलं ते त्याच्या बायकोला, चंद्रमतीला. एके दिवशी ती रस्समात मीठ घालायला विसरली आणि याने दोनदा मागून खाल्लं. चाळीस वर्षांत ज्याने मिठावरून तिला एक दिवस सुखाने जेवू दिलं नाही, तो माणूस. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम मीठ घातलं नाही. त्याने वर "आज जमलंय" म्हटलं.

"अहो, अखिलाला सांगा," चंद्रमती म्हणाली.

"काय सांगू?"

"की तुमची जीभ आता बोलण्यापुरतीच उरली."

"येईल परत. डॉक्टर म्हणाला येईल."

"डॉक्टरला स्लॅब घालायचाय का?"

तो उठून अंगणात गेला. मेस्त्री पुष्कळ आहेत. पाणी चाखणारा एकच. ते गेलं तर समुद्रापर्यंत दोन बस बदलून कोण बोलावणार एका म्हाताऱ्याला? पुढच्या दोन कामांवर त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले आणि मान हलवली. काही कळलं नाही. कुणाला कळलंही नाही.

तिसरं काम धनलक्ष्मीअम्मांचं. सत्तरी ओलांडलेली बाई, सगळा जन्म मिठागरात गेलेला. नवरा तिथेच राबून गेला, तीही राबली, पायांच्या भेगांत अजून पांढरी रेघ दिसते. मुलगा सतीशकुमार सिंगापूरला क्रेन चालवतो. आईला झावळ्यांच्या घरातून काढून पक्क्या घरात ठेवायचं, एवढं एकच त्याने मनात घेतलं होतं. जागा समुद्रापासून हाकेवर.

स्लॅबच्या दिवशी सकाळी पूजा झाली. अखिला दुसऱ्या साइटवर अडकली होती, म्हणून सगळा भार रघोजीवर. पहिली तीन पिंपं भरून ठेवलेली. त्याने तिन्हीत ओळीने बोट बुडवलं, चाखलं, मान हलवली. धनलक्ष्मीअम्मा हात जोडून बाजूला उभ्या होत्या. त्याने मान हलवल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रघोजीला वाटलं, बाईला घराचा आनंद.

ईशान्येच्या कोपऱ्यापासून काँक्रीट पडायला लागलं. ती तीन पिंपं नाश्त्यापर्यंत पुरली, मग टँकरमधून दुसरी पिंपं भरली. दुपारी तीनला शेवटची पाटी पडली. फळीने सारखा केलेला स्लॅब संध्याकाळी असा दिसत होता की कावळाही त्यावर बसायला लाजला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघोजी पोती भिजवत असताना धनलक्ष्मीअम्मा ताक घेऊन आल्या.

"मेस्त्री, तुम्ही मोठ्या मनाचे."

"का अम्मा?"

"सतीश म्हणाला होता, मेस्त्री मीठ घालू द्यायचा नाही, विचारूसुद्धा नकोस. म्हणून मी न विचारता घातलं. पण तुम्ही चाखलंत. मला वाटलं, आता ओरडणार. तुम्ही मान हलवलीत."

रघोजीने ताकाचा पेला खाली ठेवला. "किती घातलं?"

"एकेका पिंपात एक एक मापटं. नव्या घरात सगळ्याच्या आधी मीठ जातं ना, तीच लक्ष्मी. आणि आमचं तर पोटच तिच्यावर भरलं. तिला भिंती झाल्यावर बोलवायचं? म्हटलं, पहिल्यापासून असू दे घरात."

तो उठून पिंपांपाशी गेला. कालच्या तिनांतली दोन पोरांनी धुऊन उपडी घातली होती. तिसरं कडेला तसंच उभं होतं, कुणी धुतलं नव्हतं. तळाच्या चार बोटं पाण्यात मिठाचे खडे अजून विरघळायचे होते. काल डोळे मिटण्याऐवजी नुसतं पिंपात पाहिलं असतं तरी दिसले असते.

तो स्लॅबच्या कडेला येऊन बसला. काम करणारी पोरं अजून आली नव्हती. म्हातारी तर खुशीत होती. सतीश सिंगापुरात. भेग पडायला आठ वर्षं लागतील, दहा लागतील. तोवर रघोजी असेल नसेल, आणि असला तरी लोक म्हणतील, समुद्राकाठी असं व्हायचंच. देवघर आणि स्वैपाकघर त्याच ईशान्येच्या, मिठाचा माल पडलेल्या कोपऱ्यात यायचं होतं. भेग आधी देवघरात निघेल. म्हातारी त्यावर चटई सरकवील.

आणि कुणी उन्हातून आलं तर त्याला ताक देईल.

त्याने फोन काढून अखिलाला लावला. "ये," म्हणाला, "आणि तुझा मीटर आण."

अखिला स्कूटरवरून उतरली ती सरळ पिंपाकडे गेली. मीटर बुडवला, आकडा पाहिला, पुसून परत बुडवला.

"मामा, हे तुम्ही चाखलं होतं?"

"चाखलं होतं."

"मग?"

"मला खारट लागत नाही, गे. तापापासून. सात महिने झाले."

ती मीटर रुमालाने पुसत राहिली. मग तोच म्हणाला, "आधीचे दोन स्लॅबही बघून घे. त्यांचंही मी असंच..."

"त्यांचं पाणी गोड होतं."

"तुला काय ठाऊक?"

"मी दर वेळी तुमच्या मागून मीटर लावते. चार वर्षं. तुम्ही कॉफी प्यायला गेलात की." तिने मीटर पिशवीत टाकला. "काल मी नव्हते, तेवढंच झालं."

रघोजीला राग यायला हवा होता. पण त्याला एकदम मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटल्याची लाज वाटली. "चार वर्षांत माझी जीभ कितीदा चुकली?" त्याने विचारलं.

"एकदाही नाही. म्हणून तर सांगितलं नाही कधी."

टँकरमधून भरलेल्या पिंपांतलं उरलेलं पाणी अखिलाने तपासलं, ते गोड निघालं. नाश्त्यापर्यंत माल कुठवर आला होता ते रघोजीला बोटाने दाखवता येत होतं. त्याच्या हातभर पुढे अखिलाने खडूने रेघ मारली. रेघेच्या पूर्वेचं सगळं काढायचं. काँक्रीट एका रात्रीचं होतं, पहारीला अजून ऐकत होतं. आठवड्याने ऐकलं नसतं.

पण पहिला घाव पडायच्या आत धनलक्ष्मीअम्मा स्लॅबवर येऊन उभ्या राहिल्या.

"पूजा झालेला पाया फोडणार? लक्ष्मी उकरून बाहेर टाकणार? मग मलाच टाका."

अखिलाने त्यांना पाण्याचं, लोखंडाचं सांगून पाहिलं. त्या ऐकत होत्या, पण हलत नव्हत्या. तेव्हा रघोजीने पिशवीतून सळई काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली तसा एक पापुद्रा त्यांच्या तळव्यावर गळून पडला.

"हे लोखंड आहे?"

"होतं. एका बाईच्या घरातलं. तिचं घर मीच बांधलं." तो त्यांच्याजवळ खाली बसला. "अम्मा, तुमची चूक नाही. तुम्ही मीठ घातलं ते मला कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण माझी जीभ मेलीय, आणि ते मी सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं मेस्त्रीने होकार दिला. मेस्त्री नुसताच मान हलवत होता."

धनलक्ष्मीअम्मांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अजिबात लागत नाही?"

"अजिबात नाही."

"अरेरे," त्या म्हणाल्या, आणि पायापेक्षा त्यांना त्याचंच वाईट वाटलेलं दिसलं. मिठावाचूनचा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. "मग जेवता कसे?"

"बायको वाढते म्हणून." मग तो हळूच म्हणाला, "आणि लक्ष्मीला कुणी पायाखाली पुरतं का? तिला वर बसवू. देवघराच्या भिंतीत मी कोनाडा करून देतो. त्यात भरणी ठेवा, झाकणाची. घरात मीठच आधी जाईल. फक्त माझ्या लोखंडाला शिवायचं नाही."

म्हातारीने विचार केला. "कोनाडा मोठा हवा."

"मोठा करतो."

त्या स्लॅबवरून खाली उतरल्या. सळई मात्र त्यांनी परत दिली नाही, घेऊन गेल्या.

दोन दिवस फोडण्यात गेले. उघड्या पडलेल्या सळया रघोजीने गोड्या पाण्याने तीनतीनदा धुतल्या, तारेच्या ब्रशने घासल्या, नवं प्लास्टिक सरकवलं. जुन्या काँक्रीटची कड छिन्नीने खडबडीत केली, म्हणजे नवं त्याला धरून बसेल. नव्या मालाचा खर्च त्याने आपल्या अंगावर घेतला आणि कुणाला त्यावर बोलू दिलं नाही. सांधा आहे म्हणजे तिथे कायम डोळा ठेवावा लागणार, हे अखिलाने सतीशला फोनवर स्पष्ट सांगितलं. का फोडावं लागलं, ते रघोजीने स्वतः सांगितलं. सतीश म्हणाला, "आईला मी ओळखतो, मेस्त्री. तीन पिंपांवर थांबली हेच नशीब."

नव्या मालाच्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने चंद्रमती आली. हातात डबा, डब्यावर उपडी वाटी. पिंपांशेजारी तिला खुर्ची दिली. धनलक्ष्मीअम्मा तिच्या बाजूला बसल्या आणि दोघींचं नवऱ्यांच्या खाण्यापिण्याबद्दल पहिल्या पाच मिनिटांत जमलं.

अखिलाने मीटर बुडवला, आकडा लिहून घेतला. चंद्रमतीने वाटीभर पाणी घेतलं, घोट तोंडात फिरवला, गिळला.

"कावेरीसारखं नाही," ती म्हणाली, "पण चालेल."

मशीनवरची पोरं रघोजीकडे बघत उभी होती. सवयच होती त्यांना. रघोजीचं बोट आपोआप पिंपाकडे गेलं, पाण्याला टेकलं, आणि तिथेच थांबलं. त्याने ते धोतराला पुसलं.

"माझ्याकडे काय बघता," तो म्हणाला. "बाईंनी सांगितलं ना, चालेल म्हणून."

मशीन सुरू झालं. तो सळयांपाशी उकिडवा बसला आणि ठोकळ्यांवरून चार बोटं मोजायला लागला, एका टोकापासून.