लाल वाटी डावीकडं

आमच्या भागात कुणाच्या घरात पायलट व्हायचं खूळ शिरलं की ती माणसं फिरत फिरत माझ्यापर्यंत येतात. मी हुपरीची, चांदीवाल्यांच्या घरातली, आणि विमान चालवते, एवढी ओळख त्यांना पुरते. मीही कंटाळा करत नाही. बारावीला गणित आणि फिजिक्स हवंच, हे सांगते. इंग्रजीची भीती घालवा, रेडिओवर समोरचा माणूस तुमच्यासाठी थांबून राहत नाही, हे सांगते. हवामानाचा विषय पाठ करून सुटत नाही, आणि पहिली नोकरी मिळेपर्यंत घरी बसायची तयारी ठेवा, हेही सांगते. मग आवाज जरा चढवून शेवटचं सांगते, की या सगळ्याच्या आधी मेडिकल करा. शिकायला सुरुवात करण्यापुरतं असतं ते क्लास टूचं नव्हे. पायलटची नोकरी ज्याच्यावर मिळते ते क्लास वन आधी करा, मगच बॅग भरा.

लोक म्हणतात, बाई मनापासून सांगते. कुणी अजून विचारलेलं नाही की हे तू शिकलीस कुठं. मी ते माझ्या सख्ख्या भावावर शिकले.

भाऊ माझ्याहून दीड वर्षानं लहान. तोही पायलट व्हायला गेला होता, माझ्या आधी गेला होता, आणि परत आला. तो वर जाऊन घाबरला म्हणून परत आला, असं आमच्या घरात आणि गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ते खोटं आहे. खरं काय ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि ते झाकून ठेवायला त्याला मीच सांगितलं होतं. पुढं आठ वर्षं मी विमानं उडवत राहिले आणि तो 'भित्रा' हे नाव घेऊन घरात बसला.

सुरुवात मीनापासून झाली. पैंजणाच्या पट्टीवर पानाफुलांची नक्षी असते, तिच्या खाचांत सुईच्या टोकानं रंग भरायचा, त्याला मीना म्हणतात. पान हिरवं, फूल लाल. आमच्याकडं हे काम आई, म्हणजे आमची अव्वा, आणि आम्ही मुलं शाळेतून आल्यावर करायचो. भाऊ नऊ वर्षांचा असताना एका बैठकीत त्यानं अकरा पैंजणांत पानं लाल आणि फुलं हिरवी करून ठेवली. अप्पांनी एक ठेवून दिली. "ध्यान कुठं हाय तुझं?" म्हणाले. तो रडला नाही, नुसता रंगाच्या वाट्यांकडं बघत बसला. त्या बघण्यावरून मला कळलं की याचं ध्यान जागेवरच आहे, याला त्या दोन वाट्या सारख्याच दिसतात.

मी अव्वाला सांगायला हवं होतं. साडेदहा वर्षांच्या मुलीला एवढं कळत नाही असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय, पण मला कळत होतं. मला ते गुपित आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणाले, लाल वाटी कायम डावीकडं असणार, हिरवी उजवीकडं, मी लावून देणार. तेव्हापासून मी रोज वाट्या लावून दिल्या. शाळेत त्याच्या खडूंना खुणा करून दिल्या. बाजारात तो टोपलीतला टोमॅटो उचलायचा आणि माझ्याकडं बघायचा. मी मान हलवली की पिशवीत, नाहीतर परत टोपलीत. त्याला माझ्याशिवाय चालत नाही याचा मला गर्व होता, आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. हळूहळू घरातच तशी रीत पडली. आजही आमच्या कामाच्या पाटावर लाल वाटी डावीकडंच असते. का, ते कुणाला आठवत नाही.

बारावीनंतर त्यानं पायलटचं काढलं. खरं तर दोघांनी मिळून काढलं होतं. विमानतळाशेजारच्या गडमुडशिंगीला मावशीकडं गेलो की आम्ही तिच्या गच्चीवर बसून उतरणारी विमानं बघायचो. पण अप्पा म्हणाले, आधी पोराला जाऊ दे, तुझं मग बघू. मी कोल्हापूरला बीएस्सी करत एसटीनं ये-जा करत राहिले.

क्लास टूच्या मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात. रंगीत ठिपक्यांत आकडा लपवलेला असतो, तो ओळखायचा. भावाला नुसते ठिपके दिसायचे. इथं तरी थांबायला हवं होतं. मी काय केलं? मोबाइलवर ती पानं शोधून काढली आणि त्याला क्रमानं आकडे पाठ करायला लावले. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. पाढे म्हणतात तसे तो गच्चीवर म्हणायचा आणि मी मध्येच एखादं पान उलटं धरून त्याला फसवायचा प्रयत्न करायची. शेवटी तो फसेना. त्या दिवशी आम्ही कांडी आइस्क्रीम खाल्लं. विमानाला इंजिन असतं, पंख असतात, रंगाचा काय संबंध, असं मला मनापासून वाटत होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं.

तो पास झाला. परराज्यातल्या फ्लाइंग स्कूलला गेला. चांगला उडवायचा. एकट्यानं पहिल्यांदा विमान वर नेऊन खाली आणलं त्या दिवशी त्यानं अप्पांच्या आधी मला फोन केला. म्हणाला, "अक्का, शेजारची सीट रिकामी हुती आणि मला कायसुदिक वाटलं न्हाय. लई शांत हुतं बघ." ज्याला आमची गल्ली घाबरट म्हणते त्याचं हे बोलणं आहे.

मग क्लास वनचा दिवस आला. दुपारी फोन वाजला. "अक्का, हितं पुस्तक न्हवतंच. अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि लांबनं दिवं दाखवलं, टाचणीच्या टोकाएवढं. कुठला म्हणून विचारलं." मी विचारलं, मग? तो म्हणाला, "मग काय, पाढा म्हणायला जागाच न्हवती."

कायमचा अपात्र. त्याची दोन वर्षं गेली. विमानतळावर लाल, हिरवे, पांढरे दिवे कशासाठी असतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढं मी स्वतः शिकले तेव्हा कळलं. धावपट्टीशेजारी चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उंची बरोबर. चारही लाल दिसले तर आपण फार खाली आलोय. पहिल्यांदा संध्याकाळच्या वेळी ती ओळ समोर आली तेव्हा मी ते दिवे मोठ्यानं मोजायला लागले. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरला वाटलं, पोरगी नवखी आहे. मला मात्र गच्चीवरचा तो पाढा ऐकू येत होता. मी माझ्या भावाला नापास होण्यासाठी तयार केलं नव्हतं, मरण्यासाठी तयार केलं होतं. अंधाऱ्या खोलीतल्या त्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं, आणि आम्ही दोघं वर्षभर त्यांना शिव्या देत होतो.

पण मी सगळ्यात वाईट वागले ते त्या फोनवरच. माझं मेडिकल तीन आठवड्यांवर होतं. अप्पा नुकते कुठं तयार झाले होते. पोराच्या डोळ्यांत दोष निघाला असं कळलं असतं तर ते म्हणाले असते, एकाचं बघितलं तेवढं पुरे, तू बस घरात. आणि दुसरा प्रश्न त्यांनी विचारला असता, की दहा वर्षं मीना भरत होता, तेव्हा कसं कळलं नाही? त्याचं उत्तर माझ्यावर आलं असतं. मी म्हणाले, "आत्ता घरात काय सांगू नको. माझं हुं दे."

"मग परत का आलो म्हणू?"

"म्हण, वर गेल्यावर भ्या वाटाय लागलं."

ते शब्द मी निवडले. मन लागलं नाही, तब्येत बिघडली, काहीही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "बरं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण माझी मूठ भावाच्या जिवावर झाकलेली होती. माझं मेडिकल झालं, मग परीक्षा होऊ दे म्हटलं, मग लायसन्स, मग नोकरी, मग त्याचं लग्न. दर वेळी मला काही ना काही कारण सापडायचं. अप्पांनी परगावच्या व्यापाऱ्यांकडं माल घेऊन जायचं काम चुलतभावाला दिलं. "घाबरट माणूस काय बोलणार लोकांम्होरं," म्हणाले. भाऊ डाग लावायच्या, म्हणजे चांदीचे सुटे भाग तापवून जोडायच्या, कामाला बसला. मीनाला तो हात लावत नाही, वासानं डोकं धरतं म्हणतो. मी सुट्टीला आले की तो मला न्यायला विमानतळावर येतो, माझी बॅग उचलतो आणि विचारतो, "उतरताना वारा कसला हुता?" एकदाही त्यानं दुसरं काही विचारलं नाही. रागावला असता, बोलला असता, तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी गडमुडशिंगीहून एक बाप आणि त्याची बारावी झालेली मुलगी आले. त्यांचं दुधाचं काम, घर विमानतळाच्या अंगाला. अव्वानं पाटावरचं मीनाचं काम तसंच ठेवलं आणि ती चहा टाकायला आत गेली. भाऊ कोपऱ्यात पैंजणाला घुंगरू डागत होता.

"ताई, पोरीला पायलट व्हायचं म्हणत्या," पाहुणे म्हणाले. "आमाला त्यातलं काय कळत न्हाय. आधी काय बघाय पायजे, तेवढं सांगा की."

मी नेहमीचं सगळं सांगितलं. मुलगी वहीत उतरून घेत होती. मेडिकलपाशी आले आणि अप्पा मध्येच हसून बोलले, "पावणं, मेडिकल-बिडिकल ऱ्हाऊ द्या. आधी पोरगीला धाडस हाय का बघा. न्हायतर आमच्या ह्येच्यागत हुतंय. वर गेला आणि भ्याला."

पाहुणे हसले. भाऊही हसला, नेहमीसारखा, मान खाली घालून. मुलीनं मात्र वहीतून मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. कीव आल्यासारखं पाहिलं. माझ्याच्यानं ते बघवेना.

"अप्पा, तो भ्याला न्हवता," मी म्हणाले. "त्याला लाल-हिरवं कळत न्हाय. मेडिकलात नापास झाला. ल्हानपणापासनं कळत न्हाय. मला म्हाईत हुतं."

अप्पांना आधी चेष्टाच वाटली. मग त्यांनी भावाकडं पाहिलं, त्याच्या हातातलं काम थांबलं होतं. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले. पाटावरच्या दोन्ही वाट्या उचलल्या, हात पाठीमागं नेले आणि पुढं आणून भावासमोर धरले.

"ह्यातली लाल कुठली?"

भावानं वाट्यांकडं पाहिलंच नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. टोमॅटो हातात धरून बघायचा तसंच. लाल वाटी अप्पांच्या उजव्या हातात होती आणि माझी मान तिकडं वळायला लागली होती. मी डोळे मिटून घेतले.

मग त्याचा आवाज आला. "सांगता येत न्हाय, अप्पा."

डोळे उघडले तेव्हा अप्पांचे हात तसेच पुढं होते. "मग भ्यालो म्हणून का सांगितलास रं? आठ वर्सं मी तुला..."

भावानं घुंगरू उचलून परत ठेवलं. तो सांगणार नव्हता हे मला कळलं. एवढं झाल्यावरही तो मला झाकत होता, आणि मी तिथंच थांबले असते तर ते तसंच राहिलं असतं. खरं सांगते, थांबावंसं वाटलं.

"मी सांगितलो त्याला तसं म्हणायला," मी म्हणाले. "माझं मेडिकल हुतं. तुमी मला सोडणार न्हाय असं वाटलं. ठिपक्यांचं आकडंबी मीच पाठ करून घेतलो."

अव्वा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. अप्पांनी वाट्या पाटावर ठेवल्या, सवयीनं, लाल डावीकडं. मग ते माझ्याकडं वळले. रागावले नव्हते, नुसते बघत होते.

"मला वाटत हुतं," ते म्हणाले, "दोघांत धाडसाची तू."