घुमटाशी बोलणारा व्यंकटी

लातूरच्या आमच्या विद्यापीठाची निजामकाळातली दगडी इमारत व्यंकटी शिपायाने नोकरीभर रोज संध्याकाळी बंद केली. कुलूप लावण्याआधी घुमटाखालच्या सभागृहात उभा राहून तो हाक मारी, "कोण हाय का आत?" घुमट "आत... आत..." करत राही. मग स्वारी खुशीत दार ओढून घेई.

घरी बायकोशी चार शब्द न बोलणारा हा बाबा घुमटाशी मात्र तासन्‌तास गप्पा मारी. साहेबांची चिडचिड, गुडघ्याचं दुखणं, रात्री पडलेली स्वप्नं, सगळं. बायको चांगुणा डाळमिलमधून सुटली की बाहेर पायरीवर बसून राही. आत यायला तिला संकोच वाटे. तिच्या कानावर नुसता घुमणारा गलका येई. तिथेच कारकुनी करणाऱ्या मला व्यंकटीचा भारी राग यायचा.

मग डागडुजी निघाली. परांची बांधली, मागे कधीतरी थापलेलं सिमेंट खरवडलं, पुन्हा चुन्याचा गिलावा चढू लागला. तिरप्या उन्हात चुन्याची भुकटी तरंगायची आणि खाली व्यंकटी मान वर करून बसलेला असायचा. काम निघाल्यापासून घुमट उत्तर देईना; आपला आवाज वर कुठंतरी झोपलाय, असं त्याला वाटे.

"परांची निघाली की बोलंल त्यो," तो म्हणाला.

कामावरची वास्तुविशारद तनुजा हसली. "नाही काका. ते घुमणं सिमेंटमुळे होतं. आता शेवटच्या बाकावरची कुजबुजसुद्धा इथे ऐकू येईल."

"मंग आमी बोलावं कुनासंगं?"

तिला पुन्हा हसू आलं. मला आलं नाही.

परांची उतरली त्याच आठवड्यात व्यंकटी निवृत्त झाला. शेवटच्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. नवा गिलावा दुधाळ दिसत होता. त्याने हाक मारली, "कोण हाय का आत?"

आवाज वर गेला तो गेलाच. व्यंकटीचा चेहरा पडला.

"मीच हाय की," दारातून कुणीतरी म्हणालं. "कवाची वाट बघायलेय."

चांगुणा पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आली होती. आवाज तिने जराही चढवला नव्हता, तरी सभागृहभर तो स्वच्छ पोचला. व्यंकटीने हाताने बाक पुसला.

"ये की," तो म्हणाला. "बस हितं."

दोघं बाकावर बसली आणि बोलू लागली. मला त्यांचा शब्द न्‌ शब्द कळत होता, म्हणून मी बाहेर येऊन चांगुणाच्या पायरीवर बसलो.