हात न हलवता ऐकायची गोष्ट

झिपरू आबांचं आयुष्य जळगावच्या डाळमिलमध्ये गेलं. तिथे यंत्रांचा आवाज इतका, की माणसं खुणांनी बोलायची. मूठ वर केली की थांबव, बोट फिरवलं की चालू कर. गप्पांना जागाच नव्हती. निवृत्त झाल्यावर सून मोनालीनं त्यांच्या फोनवर एक कादंबरी लावून दिली. कुणीतरी कानाशी बसून वाचतंय असं वाटलं. आबा जागचे उठले नाहीत. चहा गार झाला.

पण नवल त्यांना निराळ्याच गोष्टीचं वाटलं. तीच कादंबरी मोनालीला भाकरी करताना अजिबात आवडली नाही.

"कुकरची शिट्टी होते, मी वळते, तेवढ्यात माणूस मेलेला असतो. कुणी मारला तेच कळत नाही, आबा."

म्हणजे गोष्ट चांगली की वाईट हा प्रश्न अर्धाच. ऐकणारा त्या वेळी काय करतोय, हा उरलेला अर्धा. हे आबांच्या डोक्यात बसलं आणि ते शोधाला लागले.

पहिल्या शिफारशी फसल्या. पुतण्या कुंदन रावेरहून केळीचा ट्रक दिल्लीला नेतो. त्याला आबांनी एका बाईच्या मऊ आवाजातलं प्रवासवर्णन सांगितलं. कुंदनचा इंदूरच्या अलीकडून फोन आला, "आबा, मला झोपवून मारता का?" मग आबांनी त्याला कोर्टातल्या खटल्याची गोष्ट दिली. वकील पानोपानी भांडतात. भांडणाऱ्यांच्या शेजारी कुणाला झोप येत नाही.

मिलमधल्या डाळ निवडणाऱ्या बायकांना भुताची गोष्ट लावून दिली, तर सगळ्यांचे हात सुपातच थांबले आणि मुकादम ओरडत आला. आबांना स्वतःचाच राग आला. काम न करता कामाचं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सूप घेऊन त्यांच्यातच बसले, तूरडाळ निवडत एकेक गोष्ट ऐकून पाहिली. लहानपणापासून माहीत असलेल्या कहाण्या, नव्या आवाजात, हे जमलं. शेवट ठाऊक असला की हात थांबत नाही.

तेव्हापासून नियम झाला. ज्या कामासाठी गोष्ट सांगायची, ते काम करत ती आधी स्वतः ऐकायची. नुसत्या कल्पनेवर कुणाला काही सांगायचं नाही.

मग शेवंताबाईचा फोन आला. जीवरामची बायको. जीवराम हा आबांचा मिलमधला जोडीदार. एकाच हॉपरवर दोघांनी पोती ओतली. हॉपर म्हणजे यंत्राच्या तोंडावरचं मोठं नरसाळं, त्यातून तूर खाली उतरते. निवृत्तीनंतर जीवराम शिंदखेड्याजवळ गावी गेला. आता त्याची मूत्रपिंडं थकली होती आणि आठवड्यातून दोनदा धुळ्याला यंत्रावर रक्त साफ करून घ्यावं लागत होतं.

"झिपरूभाऊ, मानूस ऐकत नही," शेवंताबाई म्हणाली. "आते धुयाले जावाव नही म्हनस. डॉक्टर सांगस, नागा पडना तर अंगमा पानी भरी, श्वास कोंडाई. तुम्हीच सांगा त्यासले."

आबांनी जीवरामला फोन केला. "काय रे, काय तरास शे?"

"तरास सुईना नही. चार तास छतकडे दखत पडी राहानं. हात हालाडाना नही. मना जीव उबगना."

हात हलवायचा नाही, हे कळल्यावर आबांनी दुपारी टॉवेल घेतला, डावा हात खाटेच्या दांडीला बांधला आणि आडवे झाले. मोनाली कपडे वाळत घालून आत आली.

"आबा! हे काय? कुणी बांधलं?"

"मीच. तू तो विनोदी कथांचा भाग लाव."

दुसऱ्याच कथेला आबा हसले आणि खाट करकरली. विनोदी बाद. कीर्तनं ऐकताना मात्र हात शांत राहिला, म्हणून शेवंताबाईनं जीवरामला कसंबसं धुळ्याला आणलं, तेव्हा तिथे जाऊन त्यांनी त्याच्या कानात कीर्तन लावलं. जीवरामनं मोकळ्या हातानं इअरफोन उपसून काढला.

"कीर्तन? माले आतेच वर पोचाडाना इचार शे का?"

पुढच्या खेपेला आबांनी जास्त मेहनत घेतली. खुनाच्या तपासाची एक गोष्ट निवडली. यंत्र लागल्यावर सुरू होईल आणि सुया निघायच्या आत खुनी सापडेल, अशी बरोबर बेतलेली. घरी हात बांधून ती पुरी ऐकली. जीवरामनंही हूं की चूं न करता ऐकली. शेवटी म्हणाला, "मस्त व्हती." आबांची छाती फुगली. जीवराम चपला शोधत पुढे म्हणाला, "बठ्ठं सपनं, काहीच उरनं नही. आते मी येवाव नही."

जळगावच्या बसमध्ये आबा स्वतःवर चिडून बसले. काम चोख झालं होतं आणि तिथेच चुकलं होतं. मिलमध्ये पाळी संपताना हॉपर कधी रिकामा करत नसत. अर्धा भरलेला ठेवायचा. पुढची पाळी आली की यंत्र लगेच धरतं. रिकामा ठेवून जाणाऱ्याला मागून येणारे शिव्या घालत. ही रीत जीवरामनंच त्यांना शिकवली होती, आणि आपण त्याचाच हॉपर झाडून पुसून लख्ख करून आलो.

त्यांनी नवी कादंबरी शोधली. दोन भाऊ काळ्या खडकात विहीर खणतात, एवढंच तिच्यात. वाचणारा सावकाश वाचतो, हसवत नाही, रडवत नाही. हात बांधून ऐकताना आबांचा हात हलला नाही, पण पायाची बोटं आखडली. अर्ध्यावर त्यांनी मुद्दाम बंद केली. पुढचं माहीत असलं तर तोंडावर दिसेल, आणि जीवराम तोंड वाचण्यात पक्का.

मंगळवारी ते त्याच्या गावी गेले. बुधवारी यंत्राची पाळी होती आणि जीवरामनं नाही म्हणून सांगून टाकलं होतं. आबांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ओट्यावर बसून फोनवर ती गोष्ट लावली. शेवंताबाई शेंगा सोलत ऐकू लागली. गोष्टीत खडकाला सुरुंग लावला, वात पेटवली, दोघे भाऊ वर येऊन लपले. सुरुंग उडालाच नाही. बराच वेळ गेला. धाकटा दोर धरून बघायला खाली उतरला.

आबांनी फोन बंद करून खिशात घातला.

"अरे, लाव ना!"

"पुढलं धुयाले."

"तो उतरना कसाले? वात इझेल नही व्हई तर?" जीवरामनं तरुणपणी विहिरींवर काम केलं होतं. तो उठून बसला. "सांग तरी."

"माले म्हाईत नही. मी ऐकेल नही."

"खोटं बोलस. फोन आठेच ठेव."

"नही."

शेवंताबाईनं शेंगांचं सूप आदळलं. "भाऊ, तुम्ही माणूस शेतस का कोण? मन्हं बी काळीज वर टांगी ठेवं!"

बुधवारी आबा वेळेआधी धुळ्याला पोचले. प्रवासात अंगठा सारखा फोनकडे जात होता, म्हणून त्यांनी तो पिशवीत तळाशी घातला होता. जीवरामची खाट रिकामी होती. सिस्टरनं विचारलं, "आजोबा येणार आहेत ना? नाहीतर दुसरा पेशंट घेते." आबा म्हणाले, "थोडं थांबा." शेजारच्या खाटांवर यंत्रं सुरू झाली. सिस्टरनं पुन्हा दाराकडे पाहिलं. आबांना वाटलं, या खेपेला अर्धं सोडणंही चुकलं.

तेवढ्यात शेवंताबाईच्या खांद्यावर हात टाकून जीवराम दारात आला. दम लागलेला, पाय सुजलेले. रामराम नाही, काही नाही. खाटेवर पडला आणि एक हात सिस्टरपुढे, दुसरा आबांपुढे केला.

"तो पोरगा जित्ता शे का?"

"माले खरंच म्हाईत नही."

जीवरामनं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. पटलं असावं. सिस्टर सुया लावत होती, तिकडे त्यानं पाहिलंही नाही. आबांनी इअरफोनचं एक बोंडूक त्याच्या कानात घातलं, एक स्वतःच्या. धाकटा भाऊ विहिरीच्या तळाशी वाकला. जीवरामचा हात फळीसारखा सरळ होता. चादरीखाली पायाची बोटं मात्र वळवळली.

"बाबा, पाय हलला तर चालेल," सिस्टर म्हणाली. "हात नको."

सुया काढायची वेळ झाली तेव्हा धाकटा सुखरूप वर आला होता आणि थोरला भाऊ तळातल्या ओल्या मातीची मूठ नाकाशी धरून उभा होता. आबांनी बटण दाबलं.

"मुडदा बसो तुना!" जीवराम ओरडला. शेजारचे दोन पेशंट हसले. दंडाला पट्टी बांधून होईपर्यंत त्याचं पुटपुटणं चालू राहिलं. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"शनवारले लवकर ये," तो म्हणाला. "उशीर करशी तर मी थांबाव नही."