निर्मलाच्या राहिलेल्या गोळ्या

त्या दिवशी घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी, म्हणजे सासू. माझी सून निर्मला, मागच्या व्हरांड्यात. भिंतीपलीकडच्या क्वार्टरमधली मिश्राइन. आणि पुढच्या खोलीत मांडलेल्या दोन महालक्ष्म्या. माझा मुलगा वसंता नव्हता. राजधानी नागपूरहून भोपाळला आली तसे आम्हीही इथं आलो, आणि ऑफिसच्या राहिलेल्या फायली आणायला त्याला परत नागपूरला धाडलं होतं. निर्मलाला जाऊन आता दीड महिना झाला. मी तिसरीपर्यंत शिकलेली, बोलते तसंच लिहिते.

निर्मला अमरावतीची, जिभेला तिखट. इथं आल्यावर तिच्या अंगावर आपोआप काळेनिळे डाग उठायला लागले. नळावर बायका विचारायच्या, "नवरा मारतो का सासू?" ती म्हणायची, "दोघांनी वार वाटून घेतलेत." मग हिरड्यांतून रक्त, आणि बाहेर बसली की दहा-दहा दिवस थांबायचं नाव नाही. मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी कमी पडल्यात, त्यावर आता पोटात घ्यायच्या गोळ्या निघाल्यात. मला समोर बसवून सांगितलं, "माँजी, एक दिन भी नहीं छूटनी चाहिए. अपने मन से बंद की तो जान पर बन आएगी." मी मान हलवली.

वसंतानं जवाहर चौकातून बाटली आणली. गोळ्यांनी रक्त थांबलं, खोटं कशाला बोलू. पण तोंड गोल सुजलं, भूक वाढली. मिश्राइन म्हणाली, "भोपाल का पानी रास आ गया बहू को." निर्मला मला म्हणाली, "आई, यंदा मुखवटे काढूच नका, मलाच मखरात बसवा." मी हसले नाही. देवाची थट्टा मला खपत नाही.

बाटली स्वयंपाकघरात फळीवर असायची. निर्मला बाहेर बसली की मी वरून तिच्या ओंजळीत गोळी टाकायची, शिवाशीव व्हायची नाही. तीन महिने असं नीट चाललं. पण महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळीच ती बाहेर बसली. मी सोवळ्यात. सोवळ्यात डॉक्टरी औषधाला हात लावायचा नाही, आमच्याकडे पहिल्यापासून तसंच. मागच्या दाराशी येऊन ती म्हणाली, "आई, गोळी?" मी म्हटलं, "देवी उठेपर्यंत थांब. तीन दिवसांत काय होतंय."

दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरण… तिला लांबून वाढलं. तिनं पुन्हा विचारलं. म्हणाली, "मिश्राइनला सांगा ना, ती काढून देईल." मला ते सुचलं नव्हतं असं नाही. बिनसोवळ्याची परकी बाई माझ्या स्वयंपाकघरात, ऐन महालक्ष्म्यांत… म्हटलं, "हट्ट करू नको."

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही.

दुपारी मिश्राइन भिंतीवरून ओरडली, "अम्माजी, बहू ऐसे क्यों पड़ी है?" मी दारात गेले. नाकातून रक्त आलेलं, एक हात हलत नव्हता. "डोकं फार दुखतंय," एवढंच म्हणाली. विसर्जन व्हायचं होतं. मी तिला शिवले नाही. मिश्राइननं येऊन तिला उचललं, टांगाही तिनंच बोलावला.

मीही मागून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "गोली कब से बंद है?" मी सांगितलं, तीन दिवस. त्यांनी चष्मा काढून पुसला. दिवेलागणीला ती गेली. डोक्यात रक्त उतरलं होतं.

वसंता आल्यावर मीच त्याला सगळं सांगितलं. तेव्हापासून तो मला हाक मारत नाही. पानावर बसतो, जेवतो, ऑफिसला जातो. मागच्या भिंतीला निर्मला डोकं टेकून बसायची, तिथं तेलाचा डाग पडलाय. दुपारची मी तिथंच बसते.

मला माफ करा म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या घरी कुणाला अशी गोळी चालू असेल, आणि ती बाहेर बसली असेल, तर बाटली तिच्या हाताशी ठेवा. विटाळ झाला तर नंतर आंघोळ करा.